जर्क चिकन की लाल तंदुरी? सोलापुरातल्या कॅरिबियन ताटात नेमकं काय चुकतंय

चौपाड (धागाकर्ता)

शहरातल्या दोन-तीन मेनूकार्डांवर आता 'कॅरिबियन' असा वेगळा रकाना दिसतोय. हॉटेलांची नावं इथे नकोत, पदार्थांबद्दल बोलू. ताटात येतं ते साधारण असं:

जर्क चिकन लालभडक, दह्यात मुरवून तंदूरमधून काढलेलं, वर चाट मसाला. 'राइस अँड पीज' म्हणून बासमतीत हिरवे मटार आणि खोबऱ्याचा कीस. करी गोट म्हणजे रोजचाच मटण मसाला, शेवटी नारळाचं दूध सोडलेलं. तळलेली केळी काळी, तेलकट, आतून गिच्च. कॅलालूच्या जागी क्रीम घातलेला पालक. फेस्टिव्हल नावाचे तळलेले गोळे बाहेरून कडक, आत चिकट. आणि सोरेल म्हणून चक्क गुलाबाचं सरबत.

सामान इथे मिळत नाही म्हणून असं होतं, की करणाऱ्याला पदार्थच ठाऊक नाही? जाणकारांनी मूळ कृती, चूक आणि सोलापुरात बसून करता येईल अशी दुरुस्ती सांगावी. नुसतं 'आवडलं नाही' लिहू नका, ते बिलावर लिहून झालेलं असतंच.

शेगडी

जर्कपासून सुरू करतो (म्हणजे मसाल्यात मुरवून मंद निखाऱ्यावर, धुरात भाजलेलं मांस), सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात.

जर्कमध्ये दही नाही, गरम मसाला नाही आणि लाल रंग तर मुळीच नाही. जमैकात पोर्टलंड परगण्यातलं बोस्टन बे हे या पदार्थाचं नावाजलेलं ठिकाण. तिथल्या मसाल्याचा पाया तीन गोष्टींवर: ऑलस्पाईस (तिकडे त्याला पिमेंटो म्हणतात), स्कॉच बोनेट मिरची आणि थाइम (वासाची बारीक पानं). तयार तुकडा काळपट तपकिरी दिसतो. लाल दिसला की खुशाल समजा, ब्याडगी किंवा काश्मिरी पडलीय.

हाडासकट एक किलो चिकनला: ऑलस्पाईस १० ग्रॅम (सपाट दोन मोठे चमचे अख्खे दाणे, कोरडे भाजून ताजे कुटलेले), पातीचे कांदे ६ ते ८ पातीसकट, लसूण ५-६ पाकळ्या, इंचभर आलं, स्कॉच बोनेट २ ते ३, ताजी थाइम मोठा चमचा किंवा वाळलेली एक छोटा चमचा, मिरी एक छोटा चमचा, जायफळ आणि दालचिनी अर्धा-अर्धा छोटा चमचा, ब्राउन शुगर किंवा गूळ एक मोठा चमचा, सोया सॉस दोन मोठे चमचे, दोन लिंबांचा रस, मीठ १२ ग्रॅम. सोया सॉसमध्येही मीठ आहे हे विसरलं की खारट झालंच. वाटण भरड ठेवायचं, मांडीला हाडापर्यंत चिरा द्यायच्या आणि फ्रिजमध्ये १२ ते २४ तास. त्यापुढे नको, लिंबामुळे वरचा थर पिठूळ होतो. हॉटेलात सकाळी लावून दुपारी वाढतात तेव्हा मसाला कातडीवरच राहतो आणि आतलं मांस कोरं.

दुसरी चूक तंदूर. आत ४०० अंशांच्या आसपास तापमान, दहा-पंधरा मिनिटांत चिकन बाहेर. जर्कच्या मसाल्यात साखर असते. आतलं मांस शिजायच्या आधी ती जळते, चिकन कडवट लागतं, मग कडूपणा झाकायला वरून बार्बेक्यू सॉस किंवा मध. ताटात आलेलं गोडमिट्ट जर्क या रस्त्यानं आलेलं असतं. मूळ पद्धतीत पिमेंटोच्या हिरव्या फांद्या आडव्या टाकतात, खाली निखारे, वर पत्रा झाकलेला, आच मंद. इथे अर्धा कापलेला पिंप घ्या. बाभळीचा कोळसा एका बाजूला, चिकन दुसऱ्या बाजूला, वर झाकण, ४५ ते ६० मिनिटं. शेवटची पाच मिनिटं थेट निखाऱ्यावर. हाडाजवळ ७४ अंश झाले की काढा.

पिमेंटोचं लाकूड आपल्याकडे नाही. पेरूचं आहे, आणि दोन्ही झाडं एकाच कुळातली, जांभूळ नि लवंगही त्यातलीच. पेरूच्या छाटणीच्या काड्या आणि भिजवलेले मूठभर ऑलस्पाईस दाणे निखाऱ्यावर टाकले तर धूर बऱ्यापैकी जवळ जातो.

कडकभाकर

ऑलस्पाईस मागितलं की मसाल्याच्या दुकानात कबाबचिनी देतात. तेच ना?

शेगडी

नेहमी नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. कबाबचिनी नावानं दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक कंकोळ: मिरीच्या जातीतला, दाण्याला बारीक शेपटीसारखा देठ, वास कापरासारखा आणि चव जराशी कडू. दुसरी ऑलस्पाईस: शेपटी नाही, मिरीपेक्षा जरा मोठा गुळगुळीत तपकिरी दाणा. चुरगळला की लवंग, दालचिनी, जायफळ एकदम आल्यासारखा वास येतो, त्यातही लवंगेचा वरचढ, कारण युजेनॉल हेच तेल दोन्हींत मुख्य. शेपटीवाला दाणा जर्कमध्ये घातला तर पदार्थ औषधी लागतो. दुकानात दाणा दाताखाली धरून बघायचा, नाव काहीही सांगोत.

अगदीच मिळाला नाही तर लवंग चार भाग, दालचिनी तीन, जायफळ दोन, मिरी एक. काम भागतं एवढंच. कोकणातल्या नर्सरीत ऑलस्पाईसची रोपं मिळतात. पाणी देणार असाल तर एक लावून ठेवा, पानंही तितकीच वासाची असतात.

पाणीपाळी

मिरचीचं मी सांगतो. स्कॉच बोनेटचा तिखटपणा १ लाख ते ३.५ लाख स्कोव्हिल (तिखट मोजायचं एकक), पण प्रश्न नुसत्या तिखटाचा नाही. तिला पिकलेल्या फळासारखा वास असतो. तो कॅप्सिकम चायनेन्स या जातीचा गुण. आपली लवंगी त्या जातीची नाही, त्यामुळे दुप्पट लवंगी घालून जाळ वाढतो, वास येत नाही.

हबानेरो त्याच जातीची, तिचं बी मिळतं. सोलापूरच्या हवेत जून-जुलैमध्ये ट्रेमध्ये पेरावं. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात, मिरचीवाले बी खराब म्हणून ट्रे फेकून देतात ते याच काळात. रोप लावल्यापासून साडेतीन-चार महिन्यांनी पिकलेली फळं, म्हणजे ऐन थंडीत तोडा. उन्हाळ्यात ३५ अंशांपुढे फूल गळतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला जातो, तेव्हा शेडनेटखालीही फार आशा ठेवू नका. थंडीत तोडलेली फळं देठ काढून अख्खी फ्रीझरमध्ये ठेवली की वर्षभर पुरतात. हॉटेलला चार-सहा झाडं बास.

भूत जोलोकिया वापरायची तर तीन स्कॉच बोनेटच्या जागी एकच, तीही बिया काढून. तिचा तिखटपणा १० लाखांच्या घरात आहे.

आमसूल

राइस अँड पीजमध्ये मटार घालणं म्हणजे कमालच झाली. जमैकात त्यात राजमा असतो आणि नाताळच्या सुमारास ओली तूर, तिकडे तिला गुंगो पीज म्हणतात. आपल्याकडे ओल्या तुरीच्या शेंगा डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या (यात्रेच्या) आसपास, मंडईत ढिगानं. अख्खा जिल्हा तूर पिकवतो आणि हॉटेलवाला फ्रोझन मटाराची पिशवी फोडतो!

कृती: एक वाटी राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात लसणाच्या तीन पाकळ्यांसह कुकरला लावा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं विष असतं, मंद आचेवर नुसता गरम होत ठेवला तर ते जात नाही, किमान दहा मिनिटं खळाळून उकळी हवीच. कुकरमध्ये हा प्रश्न राहत नाही. शिजल्यावरचं लालसर पाणी ठेवायचं, भाताचा रंग त्याचाच. दोन वाट्या तांदळाला एकूण चार वाट्या द्रव: राजम्याचं पाणी सव्वादोन, नारळाचं घट्ट दूध पावणेदोन. त्यात पातीचा कांदा, थाइम, पाच-सहा ऑलस्पाईस दाणे, मीठ, आणि वर एक अख्खी न फोडलेली स्कॉच बोनेट. मिरचीचा वास उतरतो, तिखट उतरत नाही. ढवळताना ती फुटली तर भात खाण्याजोगा उरत नाही, म्हणून तांदूळ पडल्यावर झारा लावू नका.

तांदूळ सेला घ्या, बिर्याणीवाल्यांकडे असतोच. कच्चा बासमती एवढ्या द्रवात फुटतो. ओली तूर घेतली तर भिजवायला नको, पण तिचं पाणी रंग देत नाही, भात पांढरट हिरवा होतो. तो तसाच असायला हवा, हळद घालू नका.

जुळेसोलापूरकर

सगळं बरोबर, पण हॉटेलच्या भटारखान्याकडूनही बघा. तंदूर दुपारी बाराला पेटलेलाच असतो. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही सकाळी पातेलंभर होते. त्यात काजू घातला की शाही, नारळ घातला की मलबारी, आणि आता नारळासोबत करी पावडर घातली की जमैकन. १२० पदार्थांच्या मेनूत दहा पदार्थांसाठी वेगळा पिंप, वेगळा माणूस, आदल्या दिवशीचं मुरवण कोण करणार? आणि सोलापूरच्या गिऱ्हाइकाला तर्री लागते. कोरडं जर्क ठेवलं तर 'रस्सा कुठंय?' विचारतात.

शेगडी

रस्सा मागणाऱ्याला मुरवणातलं वाटण वेगळं काढून, चिकनला न लागलेलं, थोड्या स्टॉकमध्ये दहा मिनिटं उकळून वाटीत द्या. जर्कवर ओतू नका. कच्च्या चिकनमधलं वाटण परत वापरायचं तर भरपूर उकळल्याशिवाय नाहीच. आणि दहा पदार्थ कशाला? चार ठेवा.

हिप्परगा

करी गोटबद्दल. या पदार्थात आपण मागे पडावं याचंच नवल, कारण मूळ माल आपल्याकडे उत्तम. उस्मानाबादी बोकड शेजारच्या जिल्ह्यातला.

करी तिकडे गेली ती हिंदुस्थानी मजुरांबरोबर. त्रिनिदादला पहिलं जहाज ३० मे १८४५ला लागलं, जमैकाला त्याच महिन्यात १० तारखेला. बहुतेक माणसं भोजपुरी पट्ट्यातली, काही मद्रासकडची. त्यामुळे ही करी आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यापेक्षा पार वेगळी. भाजलेलं सुकं खोबरं नाही, काजू नाही, टोमॅटोची ग्रेव्ही नाही. रंग पिवळा-तपकिरी, दाटपणा बटाट्याचा आणि हाडातल्या चिकाचा.

पावडरचं चालणारं प्रमाण: हळद ४ भाग, धणे ४, जिरे २, मेथी १, मिरी १, ऑलस्पाईस १. हळद एवढी बघून हात आखडतो, पण तीच ओळख आहे. दीड किलो हाडासकट बोकडाला अशी पावडर तीन मोठे चमचे. त्यातली दोन चमचे मटणाला चोळून पातीचा कांदा, आलं, लसूण, थाइम, मीठ यांसह रात्रभर. तिसरा चमचा तापल्या तेलात. त्रिनिदादकडे पावडर आधी पाण्यात कालवून तेलात सोडतात, ती युक्ती नवख्यांनी घ्यावी, कारण कोरडी पावडर २०-३० सेकंदांत करपते आणि करपलेली मेथी अख्खं पातेलं कडू करते. हळदीचा कच्चा वास गेला, तेल कडेला दिसलं की मटण टाकून सुटलेलं पाणी आटेपर्यंत परतायचं. मग बुडेल इतकं गरम पाणी, मंद आचेवर दोन ते अडीच तास. कुकर लावलात तर २० मिनिटं आणि पुढची २० मिनिटं उघड्यावर, नाहीतर रस्सा पातळ पाणी राहतो. बटाटा शेवटच्या अर्ध्या तासात. नारळाचं दूध जमैकन करी गोटमध्ये सहसा नसतं. धाग्यात वर्णन केलेलं ते तिसरंच काहीतरी.

लक्ष्मीमंडई

भाजीपाल्यात तर सबबच नाही.

कॅलालू जमैकात माठाच्या जातीच्या पालेभाजीचं करतात: कांदा, लसूण, थाइम, टोमॅटोची एखादी फोड, मिरची, झाकण ठेवून दहा मिनिटं. हिरवा माठ किंवा तांदुळजा मंडईत बारा महिने. त्रिनिदादचं कॅलालू वेगळं: अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध, भोपळ्याची फोड, हवं तर खेकडा, आणि शेवटी घोटून एकजीव. वडीचं अळू घ्या, देठ सोला, किमान ४० मिनिटं शिजवा. अळूची खाज कॅल्शियम ऑक्सलेटच्या टोकदार स्फटिकांची, कमी शिजलं की घसा धरतोच. आपल्या फतफत्यासारखी चिंच यात नसते, त्यामुळे शिजवण्यात घाई चालत नाही. पालक दोन्हींत बसत नाही, त्याला पाणी फार सुटतं, म्हणून मग क्रीम.

थाइमचा तुटवडा सांगतात, तर पानओवा काय पाप करतो? जाड, लवदार पानांचा, कुंडीत येणारा. त्रिनिदादमध्ये तो स्पॅनिश थाइम म्हणून वापरतातच. वास उग्र, म्हणून थाइमच्या जागी निम्मा. एक किलो चिकनला चार पानं पुरे.

केळी: करमाळा-माढा पट्ट्यातली केळी परदेशी जातात, पण ती ग्रँड नैन. पिकल्यावर साखर आणि पाणी जास्त, पिष्ट कमी, म्हणून तेलात विरघळते नि बाहेरून जळते. प्लँटेन (मूळ पदार्थातलं पिष्टाचं केळ) हवं तर केरळी दुकानातलं नेंद्रन. सालीवर काळे डाग भरपूर पडू द्यावेत, मग तिरके सेंटीमीटरभर जाड काप, १७० अंश तेल, बाजूला दोन मिनिटं. नेंद्रन नसेल तर पिकं केळ तळूच नका. कच्च्या ग्रँड नैनचे अडीच सेंटीमीटरचे तुकडे १६० अंशांवर तीन-चार मिनिटं तळा, वाटीच्या तळानं दाबून चपटे करा, लसणाच्या मिठाच्या पाण्यात बुडवून चांगले निथळा, मग १९० अंशांवर कुरकुरीत. निथळले नाहीत तर तेल उडून हात भाजेल.

कडकभाकर

काय सांगलालाव! मग ते सोरेल?

लक्ष्मीमंडई

लाल अंबाडीची बोंडं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत गोंगुरा रोजचा, तोच वंश. पाला नेहमी येतो, बोंडं दिवाळीनंतर, भाजीवाल्या मावशींना आधी सांगून ठेवावं लागतं. ताज्या बोंडांच्या २५० ग्रॅम पाकळ्या (आतलं बियांचं बोंड काढून) किंवा वाळलेल्या ६० ग्रॅम, ठेचलेलं आलं ५० ग्रॅम, लवंगा चार, ऑलस्पाईस सहा दाणे. यावर दोन लिटर उकळतं पाणी ओतून झाकून रात्रभर. गॅसवर उकळत ठेवू नका, रंग मळकट होतो आणि चव शिजवलेल्या फळाची येते. सकाळी गाळून साखर. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, ॲल्युमिनियमला आंबट लागतं.

तवापलट

फेस्टिव्हल चिकट होण्याचं कारण एकच: कॉर्नफ्लॉवर. तो नुसता मक्याचा स्टार्च. यात मक्याचा बारीक रवा लागतो. मैदा एक वाटी, मक्याचा रवा अर्धी, साखर तीन मोठे चमचे, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, मीठ, पाणी किंवा दूध अर्धी वाटी लागेल तसं. अर्धा तास झाकून, मग बोटभर लांब वळ्या, १७० अंशांवर पाच-सहा मिनिटं. तेल जास्त तापलं तर साखरेमुळे रंग दोन मिनिटांत येतो नि आत कच्चं.

आता डबल्स. मेनूत ते 'छोले-पुरी कॅरिबियन' म्हणून दिसलं तर जाऊ द्या. त्रिनिदादचे डबल्स म्हणजे मऊ दोन 'बरा' (तळलेल्या मैद्याच्या चकत्या) आणि मध्ये चणे. बरा फुगलेला, कुरकुरीत नसतो. मैदा २५० ग्रॅम, हळद आणि जिरेपूड अर्धा-अर्धा छोटा चमचा, इन्स्टंट यीस्ट एक छोटा चमचा, चिमूट साखर, मीठ, पाणी सुमारे १९० मिली. पीठ हाताला चिकटणारं सैल हवं. आपले आचारी ते बघून सुका मैदा घालतात आणि तिथेच पुरी होते. तासभर झाकून, तेलाच्या हातानं १२-१४ गोळे, तळहातावर थापून १८० अंशांवर बाजूला जेमतेम दहा सेकंद. काढले की एकावर एक रचून कापडात गुंडाळायचे, वाफेनं मऊ होतात. टिश्यूवर उघडे ठेवले की पंधरा मिनिटांत चामट.

चण्यांत आमचूर, छोले मसाला नको. काबुली चणे चिमूटभर सोड्यासह भिजवून, शिजवून, करी पावडर तेलात परतून, चौथा हिस्सा घोटून सैलसर रस्सा. वर काकडीची कोशिंबीर, चिंचेची चटणी, मिरचीचा सॉस. शॅडो बेनी नावाची त्यांची पानं इथे नाहीत, देठासकट कोथिंबीर दुप्पट घाला.

चौपाड

शाकाहारी पानावर सगळीकडे जर्क पनीर आहे. त्याचं काय?

तवापलट

पनीर मुरत नाही, वरच्या वर मसाला राहतो. करायचंच तर दीड सेंटीमीटरच्या लांबट चकत्या, तास-दोन तास मुरवण, मीठ निम्मं, लोखंडी तव्यावर. पण खरं सांगायचं तर गरज काय? रास्ताफारी (जमैकातल्या एका धर्मपंथाच्या) लोकांचं इटल जेवण बहुतांशी शाकाहारीच: भोपळा, कंद, राजमा, नारळाचं दूध. शिवाय डबल्स, माठाचं कॅलालू, राइस अँड पीज. आणि ढालपुरी, शिजवलेल्या डाळीचं तिखटमिठाचं सारण भरलेली त्रिनिदादी रोटी. पुरणपोळी लाटणाऱ्या बाईला तिचं लाटणं शिकवावं लागत नाही. फक्त सारण वेगळं: चणाडाळ बोटात दाबली तर तुटावी, पण लगदा होऊ नये, नीट निथळून मग कोरडी दळायची, भाजलेलं जिरं, लसूण, मिरची. ओलसर राहिली की पोळी फाटते.

जुळेसोलापूरकर

मान्य, चार पदार्थ नीट करणं परवडेल. पण गिऱ्हाइकानं ओळखावं कसं, पैसे देण्याआधी?

शेगडी

ऑर्डर देताना वेटरला तीन गोष्टी विचारा. जर्क कधी लावलंय? 'आत्ता ताजं लावून देतो' म्हणाला तर घेऊ नका. भातात राजमा, तूर की मटार? केळं कुठलं? तिन्हींची उत्तरं आतून विचारून आणली तरी चालतील, पण 'सर, कॅरिबियन स्टाइल आहे' एवढंच आलं तर चिकन बिर्याणी मागवा, ती इथे चांगलीच मिळते.

आमसूल

जर्कचं वाटण आधी करून ठेवलं तर किती टिकतं? हॉटेलला तोच प्रश्न येणार.

शेगडी

लिंबू आणि मीठ घातलेलं, काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये आठवडा. बाहेर ठेवायचं नाही. तेलात बुडालेला कच्चा लसूण खोलीच्या तापमानाला धोक्याचा असतो, वास न बदलताही बिघडतो. जास्त दिवसांसाठी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक खण साधारण दोन मोठे चमचे, एक किलो चिकनला आठ-नऊ खण, तीन महिने चालतं. पातीचा रंग उतरतो, चवीला फरक पडत नाही. लिंबाचा रस मात्र गोठवताना घालू नका, लावायच्या वेळी पिळा.